थंडीला नावं ठेवू देणार नाही

सलमा, थंडीनं नेली तुला, असं आता सगळे म्हणताहेत. तू गेलीस त्या आठवड्यात दुबईशेजारी अजमानला तुझ्या नणंदेच्या घरी आम्ही बायका बसलो होतो. कुराणपठण नुकतंच संपलं होतं, खजूर आणि चहा फिरत होता. तुझ्या नणंदेनं, फरीदा आपांनी, कप खाली ठेवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "इस उमर में पहाड़ पे कौन सोता है? त्या थंडीनंच घेतलं तिला." चार बायकांनी माना डोलावल्या. पाचवीनं माझ्याकडे पाहिलं, कारण तुला पहाडावर नेणारी गाडी माझी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी गप्प बसले. मी, वैशाली, जिला तू "बोलायचं मशीन" म्हणायचीस. खजुराची बी जिभेवर घोळवत बसले आणि उठून आले. दुबईत करामाला घरी येईपर्यंत गाडीत मी एकटीच भांडत होते. थंडीशी नाही, त्या बायकांशी. त्यानंतर बरेच दिवस तेच चाललंय. म्हणून आता तुलाच लिहिते.

सलमा हे तुझं नाव नाही, हे तुला सांगायची गरज नाही. सगळ्यांचीच नावं मी बदलली आहेत, माझंसुद्धा. का, ते पुढे येईलच. तू वाचलं असतंस तर पहिलं हेच विचारलं असतंस, "सलमाच का गो? जरा चांगलं काय सुचलं नाय तुला?"

थंडी तुला काय करणार होती, मला सांग. तू तर थंडीची पगारी माणूस. अल क्वोजच्या त्या फ्रोझन मासळीच्या गोदामात तू इतकी वर्षं काढलीस. ऑफिसच्या टेबलावर बसायचा पगार घ्यायचीस, पण माल मोजायला स्वतः आत जायचीस, कारण दुसऱ्यानं मोजलेल्या खोक्यांवर तुझा कधी विश्वास बसला नाही. बाहेर पन्नासला टेकलेलं ऊन, आत उणे अठरा, आणि मध्ये एक जाडजूड दार. दिवसातून कितीतरी वेळा तू त्या दारातून ये-जा करायचीस. अख्खी दुबई उन्हातून आली की एसीखाली उभी राहते. तू गोदामातून बाहेर पडलीस की गाडीत एसी बंद करून घाम येईपर्यंत बसायचीस. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाढलेली पोर, जिला लग्नाआधी साधा स्वेटर माहीत नव्हता, तिला इथल्या वाळवंटात येऊन थंडीची सवय लागली. तुला ती आवडायलाही लागली. हे आपांना कोण सांगणार?

आपली ओळख लिफ्टमधली. इक्बालभाई, तुझे मिस्टर, गेले त्यानंतरचे दिवस होते. तुझी लेक नाझिया शाळेच्या गणवेशात तुझ्या कमरेला बिलगून उभी होती आणि कुणीतरी बाई तुला समजावत होती की आता गावी जा, तिथे आपली माणसं आहेत, इथे एकट्या बाईनं काय करायचं. तू तिचं सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "गावच्या माणसांना महिन्याला पैसे कोण पाठवतं? मीच ना? मग मी तिथे गेले तर त्यांना कोण पाठवणार?" लिफ्टचं दार उघडलं. मला हसू आवरलं नाही. तू मागे वळून पाहिलंस, आणि त्या दिवसापासून माझ्या घरातली साखर संपली की मी खाली दुकानात न जाता वरच्या मजल्यावर तुझ्याकडे यायला लागले.

कॅम्पिंग म्हणजे काय, हे तोपर्यंत आपल्याला बिल्डिंगच्या पिकनिकमधून कळलं होतं. हिवाळा आला की सगळी मराठी कुटुंबं वाळवंटात. पुरुष बार्बेक्यूच्या भोवती, गाणी, पोरं वाळूच्या टेकड्यांवरून घसरताहेत, आणि आपण सतरंजीवर बसून कांदा चिरतोय. एका वर्षी तू सुरी खाली ठेवलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "हे कॅम्पिंग नाय. हे आपलं किचन वाळूत आणलंय." माझा नवरा मिलिंद त्या दिवशी फार हसला होता. त्याचं हसू नंतर मावळलं, कारण पुढच्याच हिवाळ्यात तू मला म्हणालीस, आपण दोघीच जाऊ. वाळूत नाही. वर, जेबेल जैसच्या डोंगरावर. "जिथे ह्यातलं कोणी येणारच नाय, एवढ्या थंडीत."

तुला बर्फ बघायचा होता. इथे मॉलमध्ये बर्फाचा डोंगर आहे, भाड्यानं कोट मिळतो, पोरं घसरगुंडी करतात. नाझियाच्या वाढदिवसाला आपण गेलो होतो. तू आत पाऊल टाकलंस, एकदा श्वास घेतलास आणि म्हणालीस, "हे आमचंच गोडाऊन आहे, फक्त मासे काढून ठेवलेत." अर्ध्या तासात बाहेर. तुला आभाळाखालचा बर्फ हवा होता आणि तोही विमानाचं तिकीट न काढता. दर काही वर्षांनी जेबेल जैसवर पांढरं काहीतरी पडतं आणि सगळ्यांचे फोन त्या फोटोंनी भरून जातात. तुझं म्हणणं, ते पडेल तेव्हा आपण तिथे असायला हवं. फोटो आल्यावर निघणाऱ्यांना फक्त ट्रॅफिक मिळतो.

त्या पहिल्या वेळचं आठवलं की मला आजही लाज आणि हसू एकदमच येतं. थंडीचे कपडे म्हणून तू गोदामातली दोन फ्रीझर जॅकेट मागून आणलीस. निळी, गुडघ्यापर्यंत, आत जाड अस्तर. उबदार होती यात शंका नाही. पण त्या अस्तरात किती वर्षांचा बांगडा मुरला होता कोण जाणे. रास अल खैमापर्यंत मी काच खाली करून गाडी चालवली. तू मागच्या सीटवरचं जॅकेट हुंगून म्हणालीस, "मला तर घरचा वास येतो."

वर पोहोचलो आणि लक्षात आलं की आपला तंबू वाळूतला. वाळूत रोवायचे लांब खुंटे त्या खडकात बोटभरसुद्धा जाईनात. दोन वाकले, एक उडून दरीत गेला. मग आपण दोघींनी दगड गोळा केले आणि दोऱ्या दगडांना बांधल्या. तुझ्या गाठी बघून मी विचारलं, कुठे शिकलीस? म्हणालीस, आमच्या किनाऱ्यावर होडी कशी बांधतात, बघ ना जरा. शेजारी एक एमिराती कुटुंब जाडजूड गालिचे अंथरून बसलं होतं. त्यांतल्या आजोबांनी आपल्याला गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणून दिली आणि आपला तंबू बघून हळूच म्हणाले, "सिस्टर, हवा, हवा." तंबूच्या वरच्या जाळीकडे बोट दाखवत होते. आपल्याला वाटलं, वारा फार आहे म्हणताहेत. आपण जोरजोरात माना हलवल्या आणि ती जाळीसुद्धा बंद करून टाकली.

अशी चूक गल्फात मुरलेलीच माणसं करतील. इथे घरात शिरलं की पहिलं काम दार लावायचं. खिडकीची फट दिसली की बुजवायची. पोरं बोलायला लागली की त्यांना पहिलं वाक्य हेच शिकवतो, दार लाव, थंड हवा जाते. थंडी म्हणजे डांबून ठेवायची गोष्ट, असं आपल्या हाडांत बसलंय. मी शाळेत सायन्स शिकवते. वाफ, बाष्प, दवबिंदू सगळं फळ्यावर लिहिते. तरी त्या दिवशी मीही चेनी ओढून ओढून तंबूचं प्रत्येक भोक बंद केलं आणि वर समाधानानं म्हटलं, आता कशी ऊब राहील.

पहाटे तू मला हलवून उठवलंस. बाहेर उजाडत होतं, आणि तंबूचं छत आतून पांढरंफेक. तू हात वर करून छताला एक टप्पल मारलीस. आणि पडला. आपल्या तोंडावर, केसांवर, त्या निळ्या जॅकेटांवर, भुरभुर, भुरभुर. तू जी किंचाळलीस! "वैशू, बरफ! बरफ पडला गो!" तंबूच्या आत बर्फ पाडून घेणाऱ्या त्या डोंगरावर आपण दोघीच असू.

मी काय बोलले ते तू मला पुढे कितीदा ऐकवलंस. मी म्हटलं, "सलमा, हा बर्फ नाही. हा आपला श्वास आहे. रात्रभर आपण श्वास सोडला, बाहेर जायला वाट नव्हती, वर जाऊन गोठला." आणि त्यावर निफाडच्या द्राक्षबागांचं पुराण लावलं. मी नाशिककडची. आमच्याकडे पारा खाली गेला की दंव गोठतं, बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पण त्याला कुणी बर्फ पडला म्हणत नाही. तू छतावरचं थोडं नखानं खरवडलंस, जिभेवर ठेवलंस आणि म्हणालीस, "मग आभाळातून पडतो तो कसला असतो? तो पण वाफेचाच ना? देवानं सोडली तर बरफ आणि आपण सोडली तर नाय?"

मी म्हटलं, तसं नसतं. तू म्हणालीस, मग कसं असतं? मी ढगांपासून सुरुवात केली. तू म्हणालीस, तंबू हाच आमचा ढग. चहा थंड झाला, भांडण थंड झालं नाही. घरी येईपर्यंत तू सगळ्या बिल्डिंगला सांगून मोकळी झाली होतीस की आम्ही बर्फात राहून आलो. मिलिंदनं मला विचारलं, खरंच का? मी त्याला शास्त्रीय कारण समजावलं, तर तो म्हणाला, म्हणजे पडला तर खरा.

पुढची सगळी वर्षं हा वाद तू सोडला नाहीस. इफ्तारीला, दिवाळीच्या फराळाला, माझ्या सासूबाईंसमोर, कुणाहीसमोर. आज तू नाहीस म्हणून मी तुझं खरं मानावं, असं तुला वाटत असेल तर विसर. तो बर्फ नव्हता. गेलेल्या माणसाचं सगळं बरोबर होतं असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. ती मी पाळणार नाही. तू वादात जिंकायचीस ती जोरावर, मुद्द्यावर नाही, आणि हे तुलाही माहीत होतं.

त्यानंतर दर हिवाळ्यात एकदा आपण वर गेलो. चुका सुधारल्या. खडकाचे आखूड खुंटे घेतले, जाळी उघडी ठेवायला शिकलो. त्या आजोबांची "हवा" तेव्हा कळली आणि ओशाळून हसलो. कोळशाची शेगडी तंबूत घ्यायची नाही यावर तू अडून बसायचीस. एकदा हात इतके गारठले होते की मीच म्हटलं, पाच मिनिटं आत घेऊ. तू मला जे झापलंस! "बंद जागेत कोळसा? मरायचं हाय का?" आणि तुला म्हणे बेफिकीर बाई. बिल्डिंगमधल्या बायका मागे लागल्या, आम्हालाही न्या. तू म्हणालीस, "कांदा चिरायला नाही मिळणार." कुणी आल्या नाहीत.

माझी आई गेली ते वर्ष मला विसरता येत नाही. मी नाशिकहून परत आले होते. घरी रोज कुणी ना कुणी यायचं, तेच ते विचारायचं, मी तेच ते सांगायचे. तू आलीस, काही विचारलं नाहीस. निळं जॅकेट माझ्या मांडीवर टाकलंस आणि म्हणालीस, "चल. यल्ला." वर त्या दिवशी वारा सुऱ्यांसारखा होता. आपण कड्याच्या अलीकडे जॅकेटांत मुंडकी खुपसून बसलो. अशा वाऱ्यात सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येतं. कशानं येतंय हे तिथे कुणी विचारत नाही. मी पोटभर रडले. तू थर्मासचं झाकण पुढे केलंस, एवढंच. सलमा, त्या दिवसाचे आभार मी मानलेच नाहीत. तू मानू दिले नसतेस. आता अडवायला तू नाहीस, म्हणून मानते.

आणि मग यंदाचा हिवाळा.

यंदा तू मला तंबू उचलायला लावलास. गाडीपासून आपल्या नेहमीच्या सपाटीपर्यंतच्या चढात तू सारखी थांबत होतीस आणि म्हणत होतीस, "थांब, फोटो काढू दे." मी म्हटलं, एवढे फोटो काढून काय प्रदर्शन भरवणार आहेस? म्हातारी झालीस सलमे. तू म्हणालीस, "तू ढापणी झालीस, मी काय बोलले?" तू झोपतानासुद्धा पाठीशी बॅगा लावून बसूनच राहिलीस. विचारलं तर म्हणालीस, आडवी झाले की जॅकेटातला बांगडा नाकात जातो. मी खळखळून हसले. तूही हसलीस.

सकाळी मी उठले तेव्हा तू बाहेर दगडावर बसली होतीस. ऊन अजून समोरच्या शिखरापर्यंतच आलं होतं. तू तोंडातून हळूहळू वाफ सोडत होतीस आणि ती बघत होतीस. मला म्हणालीस, "इथे श्वास दिसतो गो वैशू. खाली कळतच नाय आपण घेतो का नाय." मी म्हटलं, आता याला पण बर्फ म्हण. तू काही बोलली नाहीस. वादाला तोंड फुटायची एवढी चांगली संधी तू सोडलीस, तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं, असं आता वाटतं. पण तेव्हा मला फक्त भूक लागली होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी, ऑफिसला निघायच्या गडबडीत, बूट घालता घालता तू गेलीस. नाझियाचा फोन आला. मी तुझ्या मजल्यापर्यंत जिन्यानं कशी धावले ते मला आठवत नाही. दफन अल क्वोजला झालं. पुरुष आत गेले, मी आणि नाझिया बाहेर गाडीत बसलो. तुझं गोदाम तिथून जवळच. नाझियानं गाडीचा एसी बंद केला. का, ते मी विचारलं नाही. आम्ही दोघी तशाच घामाघूम बसून राहिलो.

आता जे सांगायचंय ते. आपांनी ठरवलं की तुझं कॅम्पिंगचं सामान देऊन टाकायचं. घरात नको ती वस्तू. नाझियानं मला वर बोलावलं. तुझी लेक आता युनिव्हर्सिटीत जाते, पण तुझ्या खोलीत फरशीवर स्लीपिंग बॅगला पाठ टेकून बसली होती ती लिफ्टमधल्या त्या लहान पोरीसारखीच. बराच वेळ ती चेन वर-खाली करत राहिली. मग म्हणाली, "आंटी, शी न्यू."

मी म्हटलं, काय?

"हर हार्ट. अम्मीला माहीत होतं. डॉक्टरने बोला था, ऑपरेशन लागेल. डेट पण दिली होती. नो क्लाइंबिंग, नो कोल्ड, नथिंग. आणि त्यानंतर दॅट व्हेरी वीकेंड शी वेंट विथ यू."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

नाझिया म्हणाली, "आय आस्क्ड हर. ती बोलली, वैशूला सांगितलं तर ती हायवेवरूनच यू टर्न मारेल."

सलमा, मी त्या वेळी तुला शिव्या घातल्या. मोठ्यानं, तुझ्या लेकीसमोर. काय समजतेस तू स्वतःला? मी तुझी कोण होते? ड्रायव्हर? तू बॅगांना टेकून बसलीस आणि मला बांगड्याचा वास सांगितलास, आणि मी मूर्खासारखी हसले. तिथे वर तुला काही झालं असतं तर? खाली येईपर्यंत तो सगळा घाट. मी एकटी. तुला हातांत घेऊन मी काय केलं असतं? हा विचार तू केला नाहीस. या एका गोष्टीसाठी तुला माफ करायला मला वेळ लागेल, आणि घाई करायचं कारण आता उरलेलं नाही.

शिव्या संपल्यावर मी तिथेच फरशीवर बसले आणि स्वतःला विचारलं, सांगितलं असतं तर नेलं असतं का? नसतं नेलं. तू अगदी बरोबर ओळखलं होतंस. मी यू टर्न घेतला असता, तुला घरी आणून पलंगावर निजवलं असतं, पेज करून घातली असती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितलं असतं की तिला दगदग नको. तुझ्या उरलेल्या हिवाळ्याचं मी आजारपण करून टाकलं असतं. आणि ऑपरेशनच्या तारखेची वाट बघत, बूट घालता घालता, तू कदाचित तशीच गेली असतीस. डॉक्टरनं नाझियाला हेही सांगितलं की याचा आणि डोंगराचा संबंध जोडू नका, मेट्रोचा जिना चढतानाही झालं असतं. पण समज त्यानं उलटं सांगितलं असतं, तरी मी तुझ्याच बाजूनं भांडले असते. गेली इतकी वर्षं तू नाझियासाठी, गावच्या माणसांसाठी, गोदामातल्या खोक्यांसाठी जगलीस. वर्षातला तो एक दिवस आणि ती एक सकाळ तुझी होती. ती तू कुणाला विचारून घेणार नव्हतीस, आणि मला तर नाहीच.

नाझिया रडत नव्हती. तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "आंटी, प्लीज डोन्ट टेल फरीदा फुफी. कोणालाच नको. दे विल से, शी डिडन्ट थिंक ऑफ मी. दे विल से, मुलीचा पण विचार केला नाही. आय कांट हिअर दॅट, आंटी. नॉट अबाउट हर."

मी म्हटलं, नाही सांगणार. तंबू मी तिच्या कपाटाच्या वर ठेवून दिला आणि आपांना फोन करून सांगितलं की सामान माझ्याकडे आहे. नावं बदलायचं कारण हे. आपांचं शिक्षण उर्दू शाळेतलं, हे त्या वाचणार नाहीत. नाझियाला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "राइट इट, आंटी. मला पण वाचता येणार नाही. यू रीड इट टु मी."

काल तुझं चाळिसावं झालं. अजमानला सगळे जमले होते. बिर्याणी झाली, हात धुऊन झाले, पुरुष बाहेरच्या खोलीत, बायका आत. नाझिया माझ्या शेजारी बसली होती. मला वाटलं होतं, आता तरी विषय निघणार नाही. पण आपा तुला लहान बहिणीसारखं जपायच्या हे मला माहीत आहे, आणि ज्याला दुःख होतं त्याला कुणीतरी जबाबदार लागतो हेही कळतं. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. आवाज चढलेला नव्हता.

"एक विचारू?" म्हणाल्या. "बुरा मत मानना. वैशाली, तुम्ही तिच्या एवढ्या जवळच्या. वर नेलंत तेव्हा तुम्हाला काहीच माहीत नव्हतं? तिच्या हॉस्पिटलचे कागद सापडले मला, ऑपरेशनची तारीखसुद्धा. तिची तब्येत ठीक नव्हती, हे काहीच नाही कळलं?"

बायका जवळ सरकल्या. नाझियाची बोटं माझ्या ओढणीच्या टोकात गुंतली होती, ती आवळली गेली. एका वाक्यात माझी सुटका होती. नव्हतं माहीत, तिनं लपवलं, मलाही फसवलं. अक्षरन् अक्षर खरं. सगळ्यांची नजर माझ्यावरून तुझ्यावर गेली असती, आणि तिथून त्या पोरीवर.

"माहीत होतं आपा," मी म्हटलं. "तिनं मला सांगितलं होतं. मी म्हटलं, आपण तरीही जाऊ. मीच नेलं."

कुणीतरी "तौबा" म्हणालं. आपा माझ्याकडे बघत राहिल्या, त्यांचे डोळे भरून आले, आणि मला वाटलं आता या मला घराबाहेर काढणार. त्यांनी काढलं नाही. त्यांनी विचारलं, "खूश थी वो? वर?"

मी म्हटलं, हो. खूप.

त्या उठून आत गेल्या. नाझियानं माझी ओढणी सोडली नाही. परतीच्या वाटेवर ती पहिल्यांदाच माझ्याशी इंग्रजी न मिसळता बोलली. म्हणाली, "आंटी, ह्या शनिवारी आपण दोघी जाऊ." मी हो म्हटलं. मिलिंदनं ऐकलं आणि गाडीच्या टायरांत हवा भरून आणली.

तर सलमा, मी खोटं बोलले. अख्ख्या अजमानसमोर, तोंड वर करून. यापुढेही कुणी विचारलं की तुला माहीत होतं का, तर मी हेच सांगणार आहे, की तिनं मला सांगितलं होतं आणि मी तिला नेलं. इतक्या वेळा सांगणार आहे, की एक दिवस ते मला स्वतःलाच खरं वाटेल.